तिसऱ्या माळ्यावरून किल्ली

टेस्ट मॅच ड्रॉ झाली की आमच्या घरात सुतक असतं. त्या दिवशी तर कहर झाला. समोरच्यांची शेवटची जोडी खेळत होती आणि अगदी सोपा झेल हवेत उंच उडाला. आमचे दोन फिल्डर त्याच्याखाली धावले, एकमेकांकडे बघत थांबले आणि चेंडू मधोमध पडला. मग काय, मॅच ड्रॉ. समालोचक म्हणाला, ऊन डोळ्यांत आलं असेल. बाबांनी टीव्हीच बंद केला.

"ऊन काय ह्यांच्याच डोळ्यांत जातं? आम्ही डिलाईल रोडवर गाड्या चुकवत झेल घेतलेत."

तणतणत ते खाली गेले. चाळीच्या अंगणात शेजारचे तीन काका त्याच झेलावर तोंडसुख घेत उभे होते. मीही मागोमाग गेले, माझाही राग अजून उतरला नव्हता.

तेवढ्यात आईने तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीतून हाक मारली, "अहो, दळण आणायचंय, स्कूटरची किल्ली टाकते." नेहमीसारखी रुमालात गुंडाळलेली किल्ली खाली आली. चौघेही पुढे सरसावले, एकमेकांकडे बघत थबकले आणि किल्ली मधोमध पडून थेट गटारात गेली.

सगळ्या गॅलऱ्या खो खो हसायला लागल्या. मी तर जिन्यावर बसूनच घेतलं.

"काय झालं हो?" आईने वरून विचारलं.

गटारात तार घालत बाबा म्हणाले, "ऊन डोळ्यांत आलं."

समोर टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या अंगणात ऊन पडलेलं नाही.