सतरा नंबरची कडी

परतवाड्याच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला दोनच माणसं आली होती, वडील आणि सोमा. २०१२च्या जानेवारीतली सकाळ होती. वडिलांनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि माझ्या बॅगांची कुलपं ते पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. सोमा मेळघाटातून पहिल्या गाडीने आला होता, हातात मधाची बाटली घेऊन. त्याने वाकून वडिलांच्या पायांना हात लावला. सोमाच्या गावात वडील अकरा वर्षं शाळामास्तर होते, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. नाव कळल्यावर विचारलं, नोकरी कुठे? सोमा म्हणाला, जंगलखात्यात रोजंदारी, तीही निघाली तर. गाडी हलताना त्यांनी खिडकीशी येऊन मला सांगितलं, "तिकडे इंग्रजी नीट बोल. आपली भाषा चारचौघांत काढू नकोस, लोक कमी लेखतात."

वडिलांचं फारसं काही न ऐकणाऱ्या मी हे एवढं मात्र पाळलं. सिंगापुरात सात वर्षं झाली. सेरंगूनच्या फ्लॅटमधून निघून विद्यापीठात जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, वडिलांचा फोन आला, की मी तोंडापुढे हात धरून हळू बोलतो. मुलगी शेजारी असली तर हसते. "बाबा, व्हाय यू व्हिस्पर? नोबडी अंडरस्टँड्स लाह." तिचं बरोबर आहे. डब्यातल्या कोणालाही माझं मराठी कळत नाही आणि कळून घ्यायचंही नसतं. पण सवय जुनी आहे, आणि ती मला कोणी लावली त्यापेक्षा मी ती कोणाला लावली, हे मला इथे लिहायचं आहे.

इकडे आलेल्या आपल्या बहुतेकांना एकच टोचणी असते, आईबापांना मागे ठेवून आल्याची. तीही मला आहे. तिच्याबद्दल भेटीगाठींत, जेवणाच्या टेबलावर आपण बोलतोही. ही दुसरी टोचणी मी इकडे अजून कोणाला सांगितलेली नाही.

माझं काम कोरकू भाषेचं व्याकरण आणि तिचे ध्वनी लिहून काढण्याचं. मराठीशी तिचं नातं नाही. तिची भावंडं दूर पूर्वेला, झारखंडाच्या बाजूला आहेत. सिंगापूरला येण्याआधी तीन हिवाळे मी मेळघाटात सोमाच्या ओसरीवर बसून ती भाषा रेकॉर्ड केली. परिषदांमध्ये लोक विचारतात, तुमचा कान इतका चांगला कसा? मी सांगतो, बालपण त्या गावात गेलं. हे खरं आहे. फक्त अर्धं आहे.

वडिलांच्या शाळेत कोरकू बोलायला बंदी होती. ते दुष्ट नव्हते. मराठी आल्याशिवाय या मुलांना पुढे कोणी दारात उभं करणार नाही, असं त्यांना मनापासून वाटे. "यांची जीभ सुटली पाहिजे," असं ते आईला जेवताना म्हणत. अडचण अशी होती, की त्यांना स्वतःला कोरकूचा शब्द कळत नव्हता. मुलं कुजबुजली तर ती कोणत्या भाषेत, हेही त्यांना ओळखू येत नसे. म्हणून त्यांनी मला मॉनिटर केलं. मी आठ वर्षांचा होतो. कोरकू बोलणाऱ्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं, आणि नाव लिहिलेल्याने हापशाजवळ उन्हात कान धरून उभं राहायचं. नावं लिहिता यावीत म्हणून मी कान देऊन ऐकू लागलो. माझी कोरकू अशी आली.

सोमा तेव्हा माझ्याच वर्गात होता. त्याची धाकटी बहीण बुधिया पहिलीत, पुढच्या रांगेत बसे. चारही वर्गांची खोली एकच होती.

तिसऱ्या हिवाळ्यात एके दिवशी मी सोमाला म्हणालो, आज वाक्यं नकोत, काहीही सांग. त्याने शाळेची गोष्ट सांगितली. एक दिवस बुधिया हळूच उठून काहीतरी म्हणाली. तिला लघवीला जायचं होतं. ते मराठीत कसं म्हणायचं, हे तिला येत नव्हतं. मॉनिटरने तिचं नाव फळ्यावर लिहिलं. सोमा तिच्या बाजूने बोलला, म्हणून त्याचंही लिहिलं. दोघं हापशाजवळ उभी राहिली आणि तिथे, सगळ्यांसमोर, तिचा परकर ओला झाला. ती परत शाळेत आली नाही. सोमा हे हसत सांगत होता. मी हेडफोन लावून आवाजाचा काटा बघत बसलो होतो.

ती अकरा मिनिटं माझ्याकडची सर्वांत चांगली कोरकू आहे. अडखळ नाही, मराठीची भेसळ नाही. माझ्या पुस्तकात त्यातली तीन वाक्यं उदाहरणं म्हणून आहेत. कोरकूत दोघांसाठी वेगळं रूप असतं, ते दाखवायला मी "आम्ही दोघं उन्हात उभे होतो" हे वाक्य घेतलं. खाली लिहिलं, 'वक्ता ४'.

सिंगापूरला आल्यावर सगळी रेकॉर्डिंगं मी एका ऑनलाइन संग्रहात ठेवली. प्रत्येकासमोर खुलं की बंद, यावर खूण करायची असते. सतरा नंबरवर, म्हणजे त्या अकरा मिनिटांवर, मी 'बंद' अशी खूण केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वक्त्याच्या खासगीपणासाठी'. मनात स्वतःला सांगितलं, वडील आता म्हातारे झालेत, त्यांचं नाव नको.

गेल्या वर्षी सोमाच्या मुलीने फोनवर तो संग्रह शोधून काढला. ती आश्रमशाळेत शिकवते. त्या संध्याकाळी सोमाचा व्हॉट्सॲप कॉल आला. मी सेरंगूनच्या मॉलमध्ये मुलीच्या बुटांच्या रांगेत होतो.

"सतरा नंबरले काहून कडी लावली बे, मॉनिटर?"

मी गुरुजींचं कारण सांगितलं.

"गुरुजींचं नाव म्या घेतलंच नाही त्यात. तुहं घेतलं."

ते मला माहीत होतं. मी ती अकरा मिनिटं निदान पन्नास वेळा ऐकली होती. तो पुढे म्हणाला, की ते बुधियाला ऐकवायचं आहे. तिला वाटतं, ती गोष्ट सगळे विसरले आणि तिला एकटीलाच आठवते. मग म्हणाला, "अन् माहं नाव टाक. त्या चार नंबरचं काय करू मी? फळ्यावर तं पुरं लिहीत होता."

मी लगेच काही केलं नाही. हेही कबूल करतो. तीन आठवडे गेले. मग एका रविवारी सकाळी वडिलांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बुधिया म्हणजे पुढच्या रांगेतली. दोन वेण्या."

मी हो म्हणालो.

"मला वाटलं, ती मुद्दाम बोलतेय. काय म्हणत होती, ते मला कळलंच नाही रे." मग विचारलं, "तुला कळलं होतं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. सोमानेही नाही.

"हो," मी म्हणालो.

वडिलांनी फोन ठेवला नाही. शेवटी ते म्हणाले, "मग उघड ते."

त्याच दिवशी मी कडी काढली. वक्त्याच्या रकान्यात सोमाचं पूर्ण नाव लिहिलं. उल्लेख झालेल्या व्यक्तींच्या रकान्यात बुधियाचं लिहिलं आणि त्याखाली माझं. खासगीपणाची ओळ खोडली.

बुधियाने ते ऐकलं, असं सोमाने कळवलं. ती काय म्हणाली, ते त्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. तेवढा हक्क मला उरलेला नाही.

परवा एमआरटीत सोमाचा फोन आला. मुलगी शेजारीच होती. मी कोरकूत बोललो, तोंडापुढे हात न धरता. समोरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मुलीने विचारलं, "हू इज ही कॉलिंग मॉनिटर?" मी म्हणालो, मला.

घर कुठे, असं इथल्या फॉर्मवर विचारतात, तेव्हा मी परतवाड्याचा पत्ता लिहितो. खरं तर घर म्हणजे आता ती एकच जागा, जिथे मला प्रोफेसर कोणी म्हणत नाही. सोमाच्या ओसरीवर मी अजून मॉनिटर आहे. ते नाव काढून टाक, असं मी त्याला सांगणार नाही.