नॉर्माबाईंचा बारा वर्षांचा बॉयलर

थॉर्नक्लफच्या चढावर दगडी घरांची एक लांब रांग आहे. तिच्यात शेवटून दुसऱ्या घरात नॉर्मा होलरॉइड राहतात. लँकेशायरच्या या भागात कुणी "कशी आहेस?" म्हणून विचारलं तर खरं उत्तर द्यायची पद्धत नाही. पाय मोडलेला असो की नवरा गेलेला असो, "चाललंय, तक्रार काही नाही" एवढं म्हणायचं आणि लगेच हवेचा विषय काढायचा. नॉर्माबाईंनी ही रीत इतकी कसून पाळली की नवऱ्याच्या, क्लिफर्डच्या, अंत्यविधीच्या दिवशी सकाळी दारात आलेल्या दूधवाल्यालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. दूधवाल्याने बिचाऱ्याने काळा पोशाख बघून बाटल्या हळूच खाली ठेवल्या.

बाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि सपातांच्या कारखान्यात लागल्या, त्या कारखान्याला टाळं लागेपर्यंत तिथेच होत्या. लोकरी सपातांना तळ शिवून शिवून बोटं वाकडी झाली. निम्म्या इंग्लंडचे पाय या बाईने गरम ठेवले म्हटलं तरी चालेल. स्वतःचे पाय मात्र थंडगार. पण "मला थंडी वाजते" हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. थंडी वाजली की अंगावर आणखी एक स्वेटर चढवायचा आणि किटली ठेवायची, बोलून काय होणार?

घरातला बॉयलर पुढच्या खोलीत होता; त्याचं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरून घर तापवायचं आणि नळालाही यायचं. भिंतीतल्या गॅसच्या शेगडीमागे, जुन्या धुराड्याच्या पोटात तो बसवलेला. क्लिफर्ड कामाला होता ती गिरणी बंद पडली तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्याने तो घेतला होता. रोज सकाळी तो आधी खोकायचा, मग गुरगुरायचा आणि मग कुठे पेटायचा. "उठला म्हातारा," असं बाई म्हणायच्या, आणि क्लिफर्ड गेल्यावरही म्हणत राहिल्या. वरच्या मजल्यावरच्या कपाटात तांब्याची टाकी होती. तिच्या उबेने ते कपाट बारा महिने गरम असायचं. चादरी, उशांचे अभ्रे, कधी फुगायला ठेवलेली कणीक, सगळं तिथे.

नोव्हेंबरात इम्तियाज बॉयलर तपासायला आला. हा पोरगा दरवर्षी यायचा. त्याच्या बापाच्या दुकानातून बाई पूर्वी भाजी घेत. शेगडी बाजूला काढून, टॉर्च मारून तो बराच वेळ आत बघत राहिला. मग त्याने गॅस बंद केला आणि बॉयलरवर 'वापरू नये' अशी लाल चिठ्ठी चिकटवली.

"हे काय केलंस रे बाळा?"

"आंटी, धूर वर जायचा सोडून आत येतोय. एखाद्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपाल आणि उठणारच नाही."

"माझ्या वयात तेवढं तर मागते मी."

"हसू नका हो. याचे सुटे भागही आता कुणी बनवत नाही. हा गेला. नवा घ्यायचा आणि तो स्वयंपाकघरात लावायचा. तुम्ही 'चालू दे रे' म्हणालात तरी मी चालू करणार नाही. माझं लायसन्स जाईल."

बाईंनी चालू कर असं म्हटलं नाही. त्याला चहा दिला, दोन बिस्किटं दिली आणि हवेबद्दल बोलल्या.

मुलीला ही बातमी संध्याकाळपर्यंत कळलीच. जनीन स्टॉकपोर्टला राहते, शाळेच्या कार्यालयात काम करते आणि आईशीही तिथल्यासारखंच दटावून बोलते.

"आई, आता बास. तुझ्यासाठी मागची खोली रिकामी केलीये. ते घर विकून टाकू. या वयात नवा बॉयलर घेऊन काय करणार आहेस?"

"पाणी तापवणार आहे."

"चेष्टा नकोय मला. ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी मी खोकी घेऊन येतेय. तोवर घर गरम झालेलं असेल तर राहा, नाहीतर मुकाट्याने गाडीत बसायचं. थंडीने गारठून मेलीस तर लोक मलाच नावं ठेवतील."

नॉर्माबाईंनी फोन ठेवला. मागची खोली त्यांनी पाहिली होती. तिच्यात इस्त्रीचं टेबल होतं, व्यायामाची सायकल होती आणि खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसायची. जावई भला माणूस होता, पण संध्याकाळभर टीव्हीचं बटण त्याच्याच हातात. इथे दार उघडलं की समोर डोंगर होता, आणि त्याच्या पायथ्याच्या दफनभूमीत क्लिफर्ड होता. बाईंनी मनाशी ठरवलं की खोकी जशी येतील तशीच परत जातील.

नगरपालिकेची एक योजना होती. गारठलेल्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना फुकट बॉयलर मिळायचा, पण आधी कुणीतरी येऊन घर बघून जायचं. जनीननेच अर्ज भरला. तिने बजावून सांगितलं, "आई, घर बघायला येणारी बाई जे विचारेल त्याचं खरं खरं उत्तर दे. एवढं एकच काम कर."

आणि इथेच नॉर्माबाईंनी आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. परकी बाई घरात येणार आणि तिला कुडकुडत बसवायचं? त्यांना ते सहनच होईना. आदल्या दिवशी त्यांनी जिना घासला, पितळी मुठी लख्ख केल्या, आल्याचा पार्किन केक भाजला. सकाळपासून ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं टाकलं. चर्चमधून दोन विजेचे हीटर मागून आणले, पुढची खोली भट्टीसारखी तापवली आणि पाहुणी यायच्या आधी हीटर जिन्याखाली लपवले. अंगावरचे तीन स्वेटर काढून रविवारचा ब्लाउज घातला.

केरी नावाची ती तरुण बाई मोठी गोड होती. तिने भिंतीवर यंत्र धरून तापमान बघितलं, दोन तुकडे केक खाल्ला आणि विचारलं, "रात्री थंडी वाजते का तुम्हाला?"

"चाललंय. तक्रार काही नाही."

"दम लागतो? सांधे दुखतात?"

"माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत कितीतरी जण आहेत गं. आणखी चहा घेतेस का?"

केरीने त्यांचं उत्तर शब्दशः लिहून घेतलं. दुसरं ती काय लिहिणार? पुढच्या आठवड्यात फोन आला की घर पुरेसं उबदार आहे, तुमचा अर्ज योजनेत बसत नाही.

जनीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक वाक्य! 'मला थंडी वाजते' एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं तुला! फुकटचा बॉयलर घालवलास, तोही केक खायला घालून!"

"केक बरा झाला होता," नॉर्माबाई म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. तोंडाशी आलेलं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं होतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं.

डिसेंबर लागला. चर्चचे हीटर परत गेले. एक छोटा हीटर विकत घेतला, पण विजेचं मीटर असं भराभरा फिरायला लागलं की बाई तो फक्त संध्याकाळच्या बातम्यांपुरता लावत. क्लिफर्डची लोकरी टोपी घालून झोपत, कुशीत गरम पाण्याची रबरी पिशवी. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी दिसायची. वरचं कपाट गार पडलं आणि अभ्र्यांना कुबट वास यायला लागला. तेव्हा मात्र बाई पेटल्या. थंडीचं एकवेळ चालेल, पण होलरॉइडांच्या उशांना वास?

त्यांनी इम्तियाजला बोलावून विचारलं, "सगळं धरून किती?"

इम्तियाजने मान खाजवली. नवा बॉयलर, नवे पाइप, जुना काढायचा, धुराडं बुजवायचं. "अडतीसशे पौंड, आंटी. त्यात सात वर्षांची गॅरंटी. आणखी तीनशे घातले तर बारा वर्षांची. पण तुम्हाला..."

"मला काय?"

"काही नाही. सातवाला पण चांगला आहे."

"बाराचा लाव," नॉर्माबाई म्हणाल्या.

पैसे होते, पण ते होते अंत्यविधीचे. इकडे माणसाने आपली शेवटची सोय आपण करून ठेवायची असते. ओकच्या लाकडाची शवपेटी, काळी गाडी, आणि नंतर आलेल्यांना नीट जाड कापलेल्या हॅमचं जेवण. क्लिफर्डच्या वेळी हॅम ताटाबाहेर लोंबत होता, गल्ली अजून आठवण काढते. त्याच जेवणासाठी बाई वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकत आल्या होत्या. बँकेत जाऊन त्यांनी ते काढले.

जनीन किंचाळली. "आई, ते तुझ्या पेटीचे पैसे आहेत!"

"पेटीत थंडी वाजत नाही."

"आणि बारा वर्षांची गॅरंटी? त्र्याण्णव होतील तुला!"

"होऊ देत की. बॉयलर आधी गेला तर फुकट दुरुस्त करतील. मी आधी गेले तर गल्लीला बिस्किटं द्या, हॅम नको."

काम दोन दिवस चाललं. घरभर धूळ. इम्तियाज आणि त्याचा चुलतभाऊ यांनी धुराड्यातला म्हातारा तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढला. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. डोळे पुसले, ते धुळीमुळेच, असं त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं. मग तांब्याची टाकी जिन्यावरून खाली यायला लागली.

"ही कुठे चालली?"

"भंगारात, आंटी. नव्याला टाकी लागत नाही."

"तांब्याला भाव किती येतो?"

इम्तियाज हसला. "आंटी, ते आमच्या चहापाण्याचं असतं हो."

"चहा मी देतेय. पाणीही मीच देतेय. टाकीच्या बदल्यात त्या वरच्या कपाटात मला एक छोटा रेडिएटर लावून दे. अभ्रे कुठे वाळवू मी? तुझ्या डोक्यावर?"

चुलतभाऊ भिंतीकडे तोंड करून हसायला लागला. इम्तियाजने हात टेकले आणि कपाटात टॉवेलाएवढा रेडिएटर लावून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बटण दाबलं. नवा बॉयलर खोकला नाही, गुरगुरला नाही. बाईंना तो चालू झाल्याचं कळलंच नाही, त्यांनी रेडिएटरवर हात ठेवला तेव्हा कळलं.

रविवारी जनीन आली. गाडीत खोकी होती, चिकटपट्टी होती. भांडायच्या तयारीनेच तिने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली. मग कोट काढला, थोड्या वेळाने स्वेटर. आई सोफ्यावर बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये अभ्र्यांच्या घड्या घालत बसली होती. भर डिसेंबरात आईचे कोपर जनीनने लहानपणापासून कधी पाहिले नव्हते. किती बारीक झाले होते ते.

"बस," नॉर्माबाई म्हणाल्या. त्यांनी चहा ओतला. हवेबद्दल काही बोलल्या नाहीत. कप मुलीच्या हातात दिला आणि घडीकडे बघत म्हणाल्या, "फार थंडी वाजायची गं मला. रात्रभर वाजायची. कधी कधी वाटायचं, सकाळ काही होत नाही आता."

जनीनने कप खाली ठेवला. "मग सांगितलं का नाहीस मला? आई, मी रोज विचारत होते! रोज!"

"सांगितलं असतं, तर तू नेलं असतंस."

जनीनने आईचे हात आपल्या हातात घेतले. ते गरम होते. मग ती नाक पुसत बाहेर गेली आणि गाडीतून खोकी काढून आणली. ती तिथेच मोडून, चपटी करून, रद्दीबरोबर मागच्या दारापाशी ठेवली.