पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात

भाडं पगाराच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, हा नियम मी लग्नानंतर वर्षभरात ठरवला आणि सोळा वर्षं पाळला. पगार म्हणजे हातात येणारा. फंड आणि व्यवसाय कर कापून बँकेत जमा होतो तो. अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. जे मोजलेलं नाही ते रजिस्टरला चढवायचं नाही, ही तिथली सवय घरीही आली. गेल्या वर्षी हातात छत्तीस हजार सहाशे येत होते. तिसरा हिस्सा बारा हजार दोनशे. इंदिरानगरातल्या आमच्या घराचं भाडं साडेदहा हजार. बसत होतं.

ऑक्टोबरात करार संपत आला. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो. संपला की थोडं वाढवून पुन्हा अकरा महिने, असं आमचं चार वेळा झालं होतं. या वेळी मालक आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "भाऊ, आता चौदा करावे लागतील. बाहेर पंधरा चाललंय. तुम्ही घरचे, म्हणून चौदा."

चौदासाठी हातात बेचाळीस हजार यायला हवेत. मला पाच हजार चारशे कमी पडत होते. गेल्या सहा वर्षांत सगळी मिळून एवढी पगारवाढ झालेली नव्हती.

मुलगी दहावीला होती. शाळा चालत सात मिनिटांवर, क्लास शाळेच्या मागच्याच गल्लीत. म्हसरूळच्या पुढे साडेनऊला घर मिळत होतं, पण तिथून शाळेला दोन बस आणि सव्वा तास. क्लास संध्याकाळी साडेसातला सुटायचा. माझी पाळी बदलती, त्यामुळे आणायला जाणं रोज जमलं नसतं. परीक्षा होईपर्यंत तिला चालत जाता यावं, एवढंच मला हवं होतं.

तीन रविवार एका तरुण एजंटच्या स्कूटरवर मागे बसून घरं पाहिली. त्याच भागात बारा हजार दोनशेच्या आत काहीच नव्हतं. एका ठिकाणी होतं, पण तळमजल्यावर, खिडकीसमोर भिंत, आणि आम्ही पोहोचेपर्यंत तेही गेलं होतं.

तिसऱ्या रविवारी एका निवृत्त शिक्षिकेचा फ्लॅट पाहिला. तेरा हजार. शाळा दहा मिनिटांवर. नियम आठशेने मोडत होता, तेवढं मी मनातल्या मनात माफ केलं होतं. बाईंनी चहा दिला, मुलीच्या गणिताची चौकशी केली. मग विचारलं, "पगार किती आहे तुमचा?"

"हातात छत्तीस हजार सहाशे."

बाई म्हणाल्या, "मग नाही जमायचं हो. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेलं की सहाव्या महिन्यापासून तारीख चुकायला लागते. आधीच्या दोघांचं तेच झालं. राग मानू नका."

राग कसला मानणार. त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. चहा संपवला आणि उठलो.

खाली आल्यावर एजंटने कपाळाला हात लावला. "काका, मालकाने पगार विचारला की कापायच्या आधीचा सांगायचा. हातातला फक्त बायकोला सांगायचा. तोही मनात आलं तर."

कापायच्या आधीचा पगार बेचाळीस हजार तीनशे होता. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात तेरा आरामात बसत होते, आणि ते खोटंही झालं नसतं. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "अहो, मग आत्ताच फोन करा की बाईंना." केला. तासाभरापूर्वी दुसऱ्या कुणी टोकन दिलं होतं.

फोन ठेवला. मग बायको म्हणाली, "आरडी बंद करू."

ती आरडी महिन्याला तीन हजारांची. पाथर्डी फाट्याकडे स्वतःचं लहानसं घर घ्यायचं, त्याच्या सुरुवातीच्या रकमेसाठी. चार वर्षं भरत होतो. या चार वर्षांत घरांचे भाव आमच्या जमेपेक्षा भराभर पुढे गेले होते, हेही मी दर दिवाळीला वहीत लिहून ठेवलेलं होतं. त्यामुळे वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. मी म्हणालो, "वाढ साडेतीन हजारांची आहे. आरडीचे तीन. पाचशे कमीच पडतात."

"पाचशेचं मी बघते."

कुठून, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एखादा आकडा कुठून आला हे न विचारता मी तो धरून चाललो, असं पहिल्यांदाच झालं.

पुढच्या आठवड्यात कराराचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. मालकांचा अंगठा लगेच लागला. माझा तीनदा लागला नाही. मालक हसत म्हणाले, "भाऊ, भाडं ऐकून अंगठापण पळाला काय तुमचा?" सगळे हसले, मीही हसलो. तो माणूस म्हणाला, "केसांवर घासा जरा, तेल लागू द्या." घासला. चौथ्यांदा लागला.

ते दोघं जिना उतरत असताना मुलगी शाळेतून आली. दप्तर टेकवून उभ्याउभ्याच पोहे खाल्ले.

"इथेच राहायचं ना मग?"

"इथेच."

"किती दिवस?"

"अकरा महिने."

तिने बोटांवर मोजलं. परीक्षा त्यात येत होती. मग क्लासची पिशवी घेऊन ती निघाली. मी गॅलरीतून पाहत होतो. ती कोपऱ्यावर मैत्रिणीसाठी थांबली, दोघी वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी आत येऊन कराराची पानं फाइलला लावली.