फितूरबाई

आमच्या कॉलेजात त्यांना सगळे फितूरबाई म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. मुलींना बास्केटबॉल शिकवणाऱ्या या बाई सामना सुरू झाला की आमच्या बाजूला थांबतच नसत. आम्हाला दोन वाक्यं सांगत, पदर कमरेला खोचत आणि मैदानाला वळसा घालून बाहेरून आलेल्या संघाच्या बाकामागे जाऊन उभ्या राहत. टाइमआउटला तेवढ्या परत येत. समोरच्या मुलींनी चांगली बास्केट केली की त्या टाळ्या वाजवत, आणि त्या मुलींसाठी सगळ्या मैदानात तेवढ्याच टाळ्या वाजत. आमची कॅप्टन सुशीला एकदा चिडून म्हणाली, ‘‘बाई, तुमी नक्की कुणाच्या?’’

‘‘तुमच्याच की,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण तुमच्याकडं सगळं कोल्हापूर हाय. तिकडं कोण हाय, बघ जरा.’’

बाई कागलच्या. वडील तालमीतले वस्ताद होते, आणि वडिलांचा आवाज बाईंकडे आला होता. पांढरी सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी. शिट्टी त्या क्वचितच वाजवत, कारण तोंडानं मारलेली हाक शिट्टीपेक्षा लांब जायची. मी कॉन्व्हेंट शाळेतून आलेली. मराठी घरात बोलायचे, पण चारचौघांत माझं तोंड कुठल्याच भाषेत उघडायचं नाही. कॉलेजचं पहिलं वर्ष मी बहुतेक मान हलवून काढलं. बाईंचं त्यावाचून काही अडलं नाही. ‘‘बोलू नको, बाळ. पळ,’’ एवढंच त्या म्हणायच्या.

मला संघात जागा मिळाली ती फ्री थ्रोमुळे. समोरच्या खेळाडूनं धक्का दिला की रेषेवर एकटीनं उभं राहायचं, अडवायला कुणी नाही, आणि चेंडू रिंगमधून घालायचा. माझा सहसा चुकत नसे. अख्ख्या कॉलेजात मला न बोलता जमणारी ती एकच गोष्ट होती, आणि तिचा मला आतून फार अभिमान होता.

जिल्ह्यातल्या कॉलेजांची मुलींची स्पर्धा दरवर्षी आमच्याच मैदानावर व्हायची, कारण मुलींसाठी मैदान आखलेलं कॉलेज तेव्हा आमचंच होतं. फायनल आमचा संघ जिंकायचा आणि विजेतेपदाची ढाल प्रिन्सिपॉलांच्या केबिनमध्ये परत जायची. बघायला यायची ती फुटबॉलवर पोसलेली पेठांतली पोरं. तेलाचे रिकामे डबे आणि काठ्या घेऊन ती रिंगच्या मागे उभी राहत. पाहुण्या संघाची मुलगी फ्री थ्रोला आली की डबे असे बडवत की शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत येत. आणि मी रेषेवर गेले की कुणीतरी ओरडायचं, ‘‘गप रं! आपली हाय!’’ मग इतकी शांतता व्हायची की चेंडू जाळीतून सरकल्याचा आवाज मला ऐकू यायचा.

एका वर्षी मलकापूरची एक लहानखुरी मुलगी रेषेवर उभी होती. पहिला चेंडू रिंगपर्यंतही पोहोचला नाही. पोरं खदखदून हसली. ‘‘पावणं, जेवून आला न्हाईसा व्हय?’’ बाई विरुद्ध टोकाकडून तरातरा चालत आल्या. सगळ्यात जोरात वाजवणाऱ्या मुलाच्या हातातून त्यांनी डबा काढून घेतला, तो जमिनीवर पालथा घातला आणि त्यावर बसल्या. सामना संपेपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत. बाकीच्या पोरांनाही मग वाजवायची लाज वाटली. फितूरबाई हे नाव त्या संध्याकाळी पडलं.

पाहुणा संघ आला की बाई आधी त्यांच्या कॅप्टनला मैदानाच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात घेऊन जात. तिथं जमीन मऊ होती आणि चेंडू उसळत नसे. आम्ही त्या जागेवर समोरच्या मुलींना मुद्दाम ढकलत न्यायचो. ‘‘हितं बॉल उठत न्हाय,’’ बाई सांगायच्या. ‘‘आमच्या पोरींना ठावं हाय, तुमाला बी असू दे.’’ सुशीला कपाळावर हात मारून घ्यायची. जेवणाचंही तेच. आमच्याकडची जुनी रीत अशी, की पाहुण्यांना सामन्याआधी मटण-भाकरीचं जेवण आणि वाटीवर वाटी पांढरा रस्सा. पाहुणचारात काही उणं नसे, फक्त संध्याकाळी पाहुण्यांना पळता येत नसे. बाईंनी ही रीत बंद केली. आधी केळी आणि लिंबाचं सरबत, जेवण सामन्यानंतर. ‘‘खाऊ घालून हरवायचं ही कसली मर्दुमकी?’’

माझ्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षी गडहिंग्लजच्या कॉलेजनं मैदान तयार केलं. सगळ्या कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत त्यांच्या सरांनी भीत भीत विचारलं, यंदा स्पर्धा आमच्याकडे घेता येईल का? सगळ्यांनी आमच्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, ‘‘घ्या की. आम्ही येतो.’’ आमच्या प्रिन्सिपॉलांना त्यांनी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या खिडकीशी दाखल्यावर सही घ्यायला उभी होते. केबिनचं दार अर्धवट उघडं होतं.

‘‘बाई, मला न विचारता स्पर्धा गडहिंग्लजला दिलीत?’’

‘‘न्हाय विचारलं सर, ते चुकलंच माझं. पण त्यांच्या पोरी पहाटेच्या यष्टीनं येत्यात, दमलेल्याच खेळत्यात आन् आपल्या पोरांची बोलणी खाऊन जात्यात. एकदा आपण जाऊया की.’’

‘‘आणि ढाल गेली तर?’’

‘‘गेली तर त्यांची व्हती म्हणायचं.’’

प्रिन्सिपॉल काही वाईट गृहस्थ नव्हते. पण त्यांचा आवाज चढला. ‘‘सायकली लावायला जागा नाही म्हणून रोज तक्रारी येतात. मुली ढाल आणतात, म्हणून ते मैदान मी राखून ठेवलंय. ढाल गेली तर तिथं सायकल स्टँड होईल. मग माझ्याकडे यायचं नाही.’’

मग बाई म्हणाल्या, ‘‘बरं.’’

त्यांनी आमच्यापासून काही लपवलं नाही. त्याच संध्याकाळी मैदानावर बसवून सगळं सांगितलं, सायकल स्टँडसकट. सुशीला उसळून उभी राहिली. ‘‘घरचं मैदान सोडून परगावात लढाय जायाचं? बाई, शहाण्यासुरत्या माणसानं असं करायचं असतंय व्हय?’’

‘‘तीन वर्षं ढाल जिंकलीसा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुमी जिंकलीसा का गर्दीनं जिंकली, मला अजून कळलं न्हाय. तुमाला कळलंय?’’

मला मात्र राग आला होता. आमची परीक्षा घेण्यासाठी आमचंच मैदान पणाला लावायचा यांना काय अधिकार, असं माझ्या मनात आलं. नेहमीसारखी मी ते बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाला गेलो तर रिंगमागे तीच डबेवाली पोरं. बाईंनी बोलावलेली. त्यांनाही नवल वाटत होतं. ‘‘बाई, आपल्याच पोरींवर वरडायचं?’’

‘‘व्हय. आन् मन लावून वरडा.’’

मी रेषेवर गेले आणि डबे सुरू झाले. ‘‘ए कॉन्व्हेंट, प्लीज म्हण, मग जाईल बॉल!’’ ‘‘थँक्यू राहिलं बघ!’’ दहा चेंडूंतला एक आत गेला. मला जमीन दुभंगावी असं झालं. इतकी वर्षं मी ज्याला माझा नेम समजत होते, तो त्या पोरांनी गप्प राहून मला दिलेला होता की काय? बाईंनी समजूत घातली नाही. चेंडू उचलून माझ्या हातात परत दिला. ‘‘हात चांगलाच हाय तुझा, बाळ. त्यानं अजून आवाज ऐकला नव्हता एवढंच. टाक.’’ महिनाभर रोज मी त्या गोंगाटात चेंडू टाकले. शेवटी शेवटी दहातले सहा जायला लागले, आणि पोरंच कंटाळून ‘‘हिला आता काय म्हणायचं बाई?’’ विचारायला लागली.

गडहिंग्लजला आम्ही पहाटेच्या एसटीनं गेलो. कागलला बाईंनी खिडकीतून आपल्या गल्लीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा झोपल्या. आमच्यापुढे केळी आणि सरबत आलं. ‘‘जेवण सामन्यानंतर,’’ तिथले सर हसून म्हणाले, ‘‘तुमच्याच बाईंचा नियम.’’

आमची गाठ पडली ती फायनलला, यजमान संघाशीच. बाजाराचा दिवस होता आणि बाजार मैदानाभोवती आला होता. भाजीच्या पाट्या बाजूला ठेवून बायका उभ्या होत्या, शाळेची मुलं झाडांवर होती, आणि डब्यांच्या जोडीला हलगी होती. ‘‘ए कोल्हापूर, ढाल ठेवा आन् चहा पिऊन जावा!’’ कुणाच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. त्या गावाला आपल्या मुली प्याऱ्या होत्या, एवढंच. पण पहिल्या पाच मिनिटांत आम्हाला एकमेकींच्या हाका ऐकू येईनात. सुशीलासारखी सुशीला गांगरली. पास चुकत गेले. बाई त्या दिवशी आमच्या बाकामागे उभ्या होत्या, पण त्याचं नवल करायलाही वेळ नव्हता.

उत्तरार्धात आम्ही सावरलो. सामना संपायला थोडाच वेळ होता, आम्ही तीन गुणांनी मागे होतो, आणि मला धक्का लागला. दोन फ्री थ्रो. मी रेषेवर गेले. हलगी इतकी जोरात वाजत होती की ती पायांतून वर येत होती. एक म्हातारी अगदी पुढे येऊन, हात ओवाळून मला काहीतरी कानडीत सुनावत होती. शेकडो माणसं माझ्याकडे बघत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कुठे लपावंसं वाटलं नाही. पहिला आत गेला. दुसराही गेला. जाळीचा आवाज आला नाही. आत गेल्याचं मला नुसतं दिसलं.

पुढच्याच मिनिटात गडहिंग्लजच्या कॅप्टननं दोघींच्या मधून पळत जाऊन बास्केट केली, आणि शिट्टी झाली. आम्ही तीन गुणांनी हरलो. ढाल तिथंच राहिली. परतीच्या एसटीत सुशीला रडत होती. बाईंनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मैदानावर कामगार आले. रिंगचा पहिला खांब उपटला तेव्हा मी आणि बाई कडेला उभ्या होतो. आत साठलेलं सगळं माझ्या तोंडून बाहेर आलं. चार वर्षांत त्यांच्याशी मी इतकं लांब वाक्य बोलले नव्हते. ‘‘बाई, स्पर्धा इथंच घेतली असती तर ढाल राहिली असती. हे मैदानही राहिलं असतं.’’

‘‘राहिलं असतं,’’ बाई म्हणाल्या. त्यांनी ते नाकारलं नाही, की आपली बाजू मांडली नाही. कामगारांनी पहार घातली तिकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मग म्हणाल्या, ‘‘गडहिंग्लजला टाकलेलं दोन तुझं हायत, बाळ. त्यात कुणाचा वाटा न्हाय. हितं टाकलेल्यातलं तुझं कुठलं, तुला सांगता येतंय?’’



त्या वर्षाच्या अखेरीस बाई नोकरी सोडून मलकापूरकडच्या एका मुलींच्या शाळेत गेल्या. निरोपाचा समारंभ झाला नाही. मी एसटी स्टँडवर गेले होते. त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि जाळीत घातलेले दोन चेंडू होते. मला थँक यू म्हणायचं होतं, पण मराठीत ते कसं म्हणतात ते त्या वेळी सुचेना. ‘‘बोलू नको,’’ त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारून गाडीत चढल्या. ती थाप चांगलीच लागली.

सुशीला तेव्हा आली नव्हती. तिनं बाईंना माफ केलेलं नाही. तिची धाकटी बहीण नंतर त्याच कॉलेजात आली, आणि तिला खेळायला मैदान नव्हतं. परवा मंडईत सुशीला भेटली, कडेवर मूल होतं. बोलता बोलता गोष्ट त्या फायनलवर आली. ‘‘ती त्यांची कॅप्टन आठवती काय गं?’’ सुशीला म्हणाली. ‘‘आपल्या दोघींच्या मधनं कशी गेली! लई भारी पोरगी. तिला हितं आणून खेळवली असती तरी तिनं आपल्याला हरवलं असतं.’’ आम्ही तीन वर्षांत किती संघांना हरवलं, त्यांतल्या एकाही मुलीबद्दल सुशीला असं कधी बोलली नव्हती. तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

‘‘पर मैदान गेलं की,’’ ती म्हणाली.

‘‘गेलं,’’ मी म्हणाले.