फिद्दामावशीचा करकमधला हिवाळा

रसमिया गल्लीत शिरली की डोंगरावरच्या करक गावातले लोक हसत ओरडायचे, "खिडक्या लावा रे, फटी शोधणारी आली!" रसमियाला त्याचं काही वाटत नसे. बायकांच्या संस्थेतर्फे ती दारोदार फिरायची. खिडकीच्या चौकटीजवळ पेटती मेणबत्ती धरायची आणि ज्योत फडफडली की घरमालकाकडे अशी बघायची, जणू चोरच पकडलाय. "बघा, तुमची ऊब इथून पळते. फटी बुजवा, दुहेरी काच लावा, गच्चीवर थंडी अडवणारा थर घाला!" आवाज खणखणीत, हातवारे ऐसपैस. रंगमंचावर उभी राहिली असती तर शेवटच्या रांगेलाही शब्द न् शब्द पोचला असता.

पण यंदा तिचा सगळा जीव एकाच घरात अडकला होता. फिद्दामावशीच्या.

रसमियाचा नवरा गेला, त्या हिवाळ्यात तिच्या घरात चूल पेटवायचं बळ कुणाला नव्हतं. शेजारच्या फिद्दाने रोज गरम रोट्या फडक्यात गुंडाळून आणल्या, पोरांना न्हाऊ घातलं आणि एकदाही 'बिचारी' म्हटलं नाही. हे कुठे विसरता येतं? आता त्याच फिद्दाला धाप लागत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रॉकेलच्या शेगडीचा धूर बंद, आणि गारठाही नको. जमत नसेल तर हिवाळाभर समुद्राकाठच्या उबदार अकबाला लेकीकडे जा."

"तिथं मला कोण ओळखतं?" फिद्दा म्हणाली. "लग्न होऊन आले ती या उंबऱ्यात. आता म्हातारपणी पाहुणी होऊ?"

तिचा नवरा अबू फलाह म्हणजे करकच्या किल्ल्याचाच एक दगड. "आजोबांनी बांधलेल्या घराला गोधडी पांघरायची? घर आजारी आहे का?"

"घर नाही, मावशी आजारी आहे," रसमिया म्हणाली.

"तू आपली खिडक्या बघ!"

मग एके दिवशी रसमिया संस्थेच्या दोघींना घेऊन गेली. अबू फलाहने रीतीप्रमाणे वेलदोड्याची कॉफी दिली. रसमियाने पेला न पिता समोर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. म्हाताऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलगी मागायला किंवा खुनाची माफी मागायला आलेले वडीलधारे असा पेला ठेवतात. शब्द मिळेपर्यंत पीत नाहीत, आणि कॉफी न पिता पाहुणा उठला तर यजमानाला तोंड दाखवायला जागा उरत नाही.

"अगं बाई, हे पुरुषांचं काम!"

"मग आजवर कुठे होते पुरुष?"

आतून फिद्दाचं हसू ऐकू आलं. हसता हसता त्याचा खोकला झाला, आणि तो लवकर थांबेना.

अबू फलाहने मान खाली घातली. "काय हवंय?"

"हे घर उबदार करा."

"पी. दिलं."

काही दिवसांनी त्याने तिला मोठ्या ऐटीत बोलावलं. पाहुण्यांची बैठक! गालिचे, लोड, नव्या दुहेरी काचा, वर गच्चीवर जाड थर. कोपऱ्यात विजेचा छोटा हीटर, तेवढ्यावर खोली उबदार. "लाव तुझी मेणबत्ती!" ज्योत सरळ उभी राहिली.

"आणि मावशी?"

"आत, नेहमीच्या खोलीत. बाकीच्या खोल्या पुढच्या वर्षी. आधी पाहुणा, मग आपण. पाहुणा माझ्या घरात कुडकुडेल?"

रसमियाने मेणबत्ती फुंकून विझवली. रागवावं तरी कसं? माणसाने घरातलं सर्वांत चांगलं दिलं होतं, फक्त ज्यांना द्यायची सवय होती त्यांना. ती आत गेली, धुरकट खोलीतून फिद्दाला हाताला धरून घेऊन आली आणि तिला मानाच्या लोडापाशी बसवलं.

"अबू फलाह, पाहुणा कुडकुडता कामा नये ना? मग उन्हाळ्यापर्यंत ही तुमची पाहुणी."

"ऊठ गं बाई, लोक काय म्हणतील!" फिद्दा डोक्यावरची ओढणी सावरत उठू लागली. "बैठकीत अंथरूण?"

अबू फलाह बराच वेळ बायकोकडे बघत राहिला. इतक्या उजेडात त्याने तिला बहुधा फार दिवसांत पाहिलंच नव्हतं. ओठ किती निळसर झालेत, हे त्याला आता दिसलं. "बस," तो म्हणाला, आणि आतली गादी स्वतः खांद्यावर टाकून घेऊन आला.

अकबाला जायची पिशवी भरलीच नाही. त्या हिवाळ्यात पाहुणे आले ते फिद्दाच्या अंथरुणाभोवती बसले. आयुष्यभर दाराआडून ऐकलेल्या गप्पा ती आता समोर बसून ऐकत होती, आणि नवऱ्याला मध्येच तोडत होती, "खोटं! लांडग्याला पळवलं मी, हे तर झाडावर होते!" बैठक हसून लोटपोट. सगळ्यांत मोठ्याने अबू फलाह.

रसमिया त्या घोळक्यात बसलेली असायची. मावशीचा श्वास सुरळीत चाललेला ऐकून तिचे डोळे भरून यायचे आणि ती मनातल्या मनात देवाचे आभार मानायची. एवढी बोलकी बाई, पण त्या खोलीत खिडक्यांबद्दल एक अक्षर काढत नसे.