हिरव्या बांगड्यांचे हात

माझी मुलगी गेली त्या वर्षी मी महाकालीला हात जोडणं बंद केलं. मुलगी अजून रांगायलाही लागली नव्हती. तापात गेली. पुरायला न्यायला माणसं दारात उभी होती आणि मी तिला सोडत नव्हते. शेवटी सासूने माझी बोटं एकेक करून उलगडली. म्हणाली, "सोड आता. ती आपली नाई राह्यली." सासू वाईट नव्हती, पण ते वाक्य मी तिला माफ केलं नाही. देवीलाही नाही. चैत्रात चंद्रपूरला तिची यात्रा भरली, आमच्या माजरीहून सगळ्या बाया गेल्या, आणि मी घरी भांडी घासत बसले.

नवरा खाणीत कामाला होता. तिथल्या एका साहेबांच्या घरी लहान बाळ होतं, ते सांभाळायला मला ठेवलं. मी ठरवूनच गेले होते की कामापुरतं सांभाळायचं, जीव लावायचा नाही. पण मूल तसं राहू देत नाही. ते माझ्या गळ्यातली पोत मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. बाईसाहेबांचं माहेर कलकत्त्याला. त्या निघाल्या तेव्हा बाळाबरोबर मलाही नेलं, आणि चौथी शिकलेली मी विमानात बसले. तेव्हाची विमानं पंख्याची. दोन्ही बाजूंना एकेक मोठा पंखा, आणि आवाज असा की शेजारचं माणूस काय बोलतं ते कळत नसे.

जाताना काही झालं नाही. परत येताना, नागपूरला उतरताना झालं. चाकं जमिनीला लागली, मला वाटलं आलो घरी, आणि तेवढ्यात उजव्या बाजूचं चाक मोडलं. त्या बाजूचा पंखा जमिनीला घासला, विमान फिरलं आणि धावपट्टी सोडून गवतात फरफटत गेलं. थांबलं तेव्हा एका कुशीवर कललेलं होतं. मग सगळे एकदमच ओरडले. पेट्रोलचा वास सुटला होता. बाईसाहेबांच्या कपाळाला लागून त्या शुद्धीवर नव्हत्या, म्हणून त्यांना आधी खाली उतरवलं. दाराची बाजू उंच उचलली गेली होती, शिडी नव्हती. मी बाळाला छातीशी धरून दारात उभी राहिले. खाली नुसती धूळ. मला भोवळ यायला लागली.

विमानातला गणवेशातला माणूस म्हणाला, "बच्चा नीचे दो, जल्दी."

मी म्हटलं, "नाई देत."

"अरे बाई, आग लगेगी!"

"लागू दे."

माझ्या मागे माणसं ढकलत होती, शिव्या देत होती. मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. एकदा मी एक मूल हातातून दिलं होतं आणि ते परत आलं नव्हतं, एवढंच मला कळत होतं. तेव्हा खालून आमच्याकडच्या बोलीत एका बाईचा आवाज आला. "दे वो बाई, दे. मी आहो इथी." धुळीतून दोन हात वर आले. मनगटभर हिरव्या बांगड्या. तोंड दिसत नव्हतं.

मी देवीचं नाव घेतलं नाही, खोटं कशाला सांगू. नुसती बोटं सोडली. सासूने उलगडली होती तशीच, पण या वेळी माझी मीच. बांगड्या दाराच्या पत्र्यावर आपटून वाढल्याचा आवाज आला, आणि बाळ खाली गेलं.

मला उतरवलं तेव्हा बाळ शुद्धीवर आलेल्या बाईसाहेबांच्या मांडीवर रडत होतं. अंगावर ओरखडा नव्हता. झबल्याच्या घडीत हिरव्या काचेचा एक तुकडा मात्र होता. कोणी आणून दिलं ते बाईसाहेबांना सांगता येईना. तिथं गवत कापणाऱ्या बाया धावत आल्या होत्या. मी प्रत्येकीचं मनगट पाहत हिंडले. सगळ्यांच्याच हातात हिरव्या बांगड्या.

त्यातली एक म्हणाली, "काय हुडकतं वो?"

"हात."

"हात त सगळ्याइलेच आहे," ती म्हणाली, आणि एवढ्या गोंधळात बाया हसल्या.

विमान पेटलं नाही. नंतर झालेला माझा मुलगा म्हणतो, तू बाळ दिलं नसतं तरी ते वाचलं असतं. वाचलं असतं. मी वाचले नसते.

पुढे साहेबांची बदली झाली आणि तो पोरगाही त्यांच्याबरोबर गेला. त्याच्या मुठीतून पोत सोडवून घेताना मी रडले, पण दिला. त्या चैत्रात मी यात्रेला गेले. देवीला हिरव्या बांगड्या वाहिल्या, आणि झरपट नदीच्या काठी भेटलेल्या एका अनोळखी बाईच्या हातात तशाच बांगड्या भरल्या. तेव्हापासून दरवर्षी भरते. यात्रेतले बांगडीवाले चाचा मला ओळखून होते. "काय वो बाई, सापडले का हात यंदा?" विचारायचे. मी म्हणायची, "तुमच्या बांगड्या वाढतात लवकर, कसे सापडतील?" ते गेले, आता त्यांचा मुलगा तेच विचारतो.

त्या बाईचा आवाज मला अजून एकदा ऐकायचा आहे. तुकडा मी जपून ठेवला आहे, पण तुकड्याला आवाज नसतो. गवत कापणारी बाई होती की आणखी कोणी, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की वरून सोडणाऱ्याला खालचं दिसत नाही, आणि म्हणून खाली कोणी नसतं असं नाही. मग माझ्या मुलीलाही कोणीतरी झेललं असेल. सासूने माझी बोटं उलगडली तेव्हा ते मला दिसलं नाही, इतकंच. सासूला मी माफ केलं, तिला ते सांगायचं मात्र राहून गेलं.

आता माझे गुडघे गेले आहेत. मरणाची मला भीती नाही, उंचीची अजून आहे. माझी वेळ येईल तेव्हा पोरं मला धरून ठेवतील, सोडा म्हटलं तरी सोडणार नाहीत. तेव्हा आई महाकाली, माझ्याशी नको बोलू. त्यांनाच खालून एकदा म्हण, "दे रे बाबू. मी आहो इथी."