वत्सलाकाकूंच्या उन्हाळी मैफली

वत्सलाकाकू मैफलीला बसायच्या त्या वाजवणाऱ्याकडे पाठ करून. सतरंज्यांवर आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळे श्रोते एका दिशेला तोंड करून, आणि पहिल्या रांगेच्या टोकाला एकच खुर्ची उलटी फिरवलेली. त्या खुर्चीत काकू. इस्त्रीची सुती साडी, मांडीवर पर्स आणि नजर फाटकावर. बाहेरून आलेल्या कलावंतांना हा धडधडीत अपमान वाटायचा. मग मला त्यांना बाजूला घेऊन समजवावं लागे, की बाई ऐकतायत, अगदी कान देऊन ऐकतायत, फक्त तिकडे बघत नाहीत.

मी कामाला आहे ते कलासंग्रहालय पडेगावच्या रस्त्याला. लहानसंच आहे. आत चित्रं, मागे फरशीचं मोठं अंगण आणि अंगणात दोन कडुनिंब. काकू मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्या संग्रहालयाच्या समितीवर आल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी हट्ट धरला, की उन्हाळाभर दर शनिवारी संध्याकाळी अंगणात मैफल ठेवायची. फुकट. तीही जुन्या गाण्याची नाही. आजच्या पोरांनी आज केलेल्या, कुणी न ऐकलेल्या संगीताची. समिती बुचकळ्यात पडली. काकूंचे यजमान शहरातले नावाजलेले गायनमास्तर, त्यांच्या घरात ख्यालापलीकडे संगीत नव्हतं. ही बाई हे काय मागते आहे?

मला कारण ठाऊक होतं. औरंगपुऱ्यात लहानपणी आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. काकूंचा एकुलता एक मुलगा माधव तेव्हा कॉलेजात होता. त्यानं कुठून तरी एक टेपरेकॉर्डर पैदा केला होता आणि दिवसभर काहीबाही टेप करत बसायचा. कूलरची घरघर, कुकरची शिट्टी, दाराची कडी. मग ते आवाज कापून, जोडून, उलटे फिरवून आम्हा पोरांना ऐकवायचा आणि म्हणायचा, हे माझं संगीत. आम्ही खिदळायचो. मास्तरांना मात्र हे वर्मी लागलं. एके दिवशी त्यांनी तो टेपरेकॉर्डर गॅलरीतून खाली फेकला. तो आमच्याच दारात फुटला. माधव खाली आला, फिती गोळा करून खिशात कोंबल्या आणि गेला. पुन्हा कधी घरी आलाच नाही. मास्तर गावोगाव शोधत फिरले आणि झुरून गेले. काकूंनी मात्र मनाशी घट्ट धरून ठेवलं, की असलं संगीत जिथं वाजेल तिथं आज ना उद्या माधव ऐकायला येणार. या मैफली त्याच्यासाठी होत्या. बाकी आम्ही सगळे आपले फुकट ऐकून घेत होतो.

आणि संगीत तरी कसलं! एकानं स्टीलचं ताट व्हायोलिनच्या गजानं घासून दाखवलं. दुसरी एक मुलगी पेटी उघडून नुसता भात्याचा श्वास ऐकवत राहिली. माझ्या शेजारचे एक निवृत्त तहसीलदार ओरडले, "अरे, माईक बंद पडला का? आवाज येत नाय!" काकू वळल्या. "येऊ लागलाय, साहेब. तुम्ही जरा गप बसा, म्हणजे ऐकू येईल." एकदा मी त्यांना विचारलं, काकू, खरं सांगा, तुम्हाला यातलं काय कळतं? "काय बी कळत नाय," त्या म्हणाल्या. "पण कळत नाय म्हणून घराबाहेर काढायचं का?"

अध्यक्षांनी एकदा पास काढायचा विषय काढला. पैसे नाहीत, फक्त फाटकावर नाव सांगून चिठ्ठी घ्यायची. एरवी मवाळ असलेल्या काकूंचा आवाज चढला. "नाव सांगावं लागलं की ज्याला यायचंय तो फाटकातनंच माघारी जाईल. तुम्हाला पास पायजे तर मला काढून टाका." पास बारगळला.

त्या दर उन्हाळ्यात माधवचं वय वाढवत होत्या, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. आधी त्या तरण्या पोरांकडे बघायच्या. मग चाळिशीच्या पुरुषांकडे. पुढे पुढे टक्कल पडलेल्यांकडे. "केस गेले असतील आता त्याचे," त्या मला हळूच सांगायच्या. "यांचे पण लई लवकर गेले." एका शनिवारी असाच एक पन्नाशीचा माणूस, हातात पिशवी, फाटकाशी घुटमळला. काकू उठल्या, तरातरा गेल्या. मी मागोमाग. माधवच्या डाव्या भुवईत जुन्या खोकेचा व्रण होता. त्या माणसाच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी भुवई पाहिली. तो बिचारा गोंधळला. "दौलताबादची बस इथं थांबती का, बाई?" "थांबती," काकू म्हणाल्या, "पाणी पिऊन जा. लई ऊन आहे." परत येऊन खुर्चीत बसल्या आणि मेथी चांगली नव्हती म्हणावं तशा म्हणाल्या, "नव्हता." मला त्या संध्याकाळी पुढचा एक सूरही ऐकू आला नाही.

मग एका वर्षी बडोद्याहून गार्गी आली. पस्तिशीची, कानामागे पांढरे केस, बोलणं मोजकं. स्वतःचं वाजवून झाल्यावर ती म्हणाली, "शेवटी माझ्या सरांचं एक काम ऐकवते. ते शाळेत शिकवायचे. गेल्या हिवाळ्यात वारले. कुठं वाजवू दिलं नाही त्यांनी कधी, नावही लावायचं नाही म्हणायचे. इथं उघड्यावर आणि फुकट असतं, म्हणून आणलं." तिनं कळ दाबली.

आधी कूलर. मग लांबून तंबोरा, आणि कुणीतरी सकाळचा रियाज करतंय. खाली फेरीवाला, "दौलताबादची सीताफळंऽऽ". तो फेरीवाला मी ओळखत होते. तो रियाजाचा आवाजही ओळखत होते, त्या आवाजावर मी लहानपणी रोज उठायचे. आणि मग स्वयंपाकघरातून एका तरुण बाईची हाक आली. "माधव! ए माधव!" तीच हाक परत, थोडी खालच्या पट्टीत. परत, दोन दोन एकदम. "अरे चल नं, ताट वाढलंय!" फिरून फिरून, सगळ्या अंगणात, कडुनिंबाखालच्या कर्ण्यातून, भिंतीकडून. श्रोत्यांना गंमत वाटली. घरोघरची हाक ती. लोक पोट धरून हसायला लागले. आणि काकू त्या हसणाऱ्या लोकांकडे तोंड करून बसलेल्या. स्वतःचाच आवाज त्यांना पाठीमागून हाका मारत होता. आवाज थांबला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक उठायला लागले, गार्गीनं यंत्र बंद केलं. काकू हलल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात वारले, हे शब्द त्यांनीही ऐकलेच होते.

अंगण रिकामं झाल्यावर त्या उठल्या. गार्गी वायरी गुंडाळत होती.

"पोरी, संपायच्या आधीच बंद केलंस नं?" काकूंनी विचारलं.

"हो... शेवटी जरासं राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हटलं असू दे."

"लाव. मी हाक मारली अन् त्यानं ओ दिली नाय, असं कधी झालं नाय."

गार्गीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिनं गुंडाळलेली वायर सोडून परत जोडली. पुन्हा ती शेवटची हाक आली, "ताट वाढलंय!" मग नुसती खरखर. इतकी लांब, की मला वाटलं, आता काही नाही. आणि मग दुसऱ्या खोलीतून, विशीतल्या पोराचा वैतागलेला आवाज.

"थांब नं आई. येऊ लागलो."

"असाच," काकू म्हणाल्या. "तोडूनच बोलायचा." आणि मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मीही रडले. डोळे पुसून त्यांनी गार्गीला एवढंच विचारलं, "जेवायचा का वेळेवर?"

"नाही हो," गार्गी म्हणाली. "हाका माराव्या लागायच्या."

तिनं त्याची प्रत देऊ केली. काकूंनी तिचा हात मागे सारला. "नको गं. घरी लावलं तर रोज त्याला जेवायला बोलवत बसेन मी."

काकू त्याच वर्षी श्रावणात गेल्या. मैफली चालू आहेत, फुकटच आहेत. ती प्रत गार्गीनं माझ्याकडे ठेवली. परवा एका दुपारी, पोळ्या करून झाल्यावर, मी ती स्वयंपाकघरात पहिल्यांदा लावली. मला फक्त काकूंचा आवाज ऐकायचा होता. कूलर झाला, मास्तर झाले, आणि काकूंनी हाक मारली, "अरे चल नं, ताट वाढलंय!"

बाहेरच्या खोलीतून माझा मुलगा म्हणाला, "हां, दोन मिनिटं."

आवाज बंद करायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. पिठाच्या हातांनी मी तशीच बाहेर गेले आणि तो खरंच उठून येईपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिले.